आजा आणि मत-आ

शेवटी उद्धवकाकांनी दुकानाचा परवाना कचेरीत परत नेऊन दिला, शटरला सील बसलं आणि आमच्या घरातून बंदूकदुरुस्ती कायमची उठली.

असं काही झालेलं नाही. दुकान चालू आहे, शटर अर्धं वर आहे, या, बसा. स्टूल एकच आहे आणि त्यावर करण बसलेला असेल. तो उठणार नाही.

करण म्हणजे उद्धवकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा मोठा आहे आणि आयुष्यात तेवढं एक काम त्यानं वेळेवर केलं. मी नागेश. माझे वडील तरुणपणीच मंचेरियलला कोळशाच्या खाणीत नोकरीला गेले, म्हणून करण मला कोळसा म्हणतो. मी त्याला करणदादा म्हणतो. मी ज्या सुरात दादा म्हणतो त्यापेक्षा कोळसा बरा, असं त्याच्या आईचं, वच्छलाकाकूचं मत आहे.

दुकान तेलंगणात, आदिलाबादेत, कापूस मार्केटच्या मागं. बंदुका येतात त्या शेतावर रानडुकरं हाकलायला परवान्यानं घेतलेल्या, बारा बोअरच्या. बंदुकीच्या नळीत मागच्या अंगाला काडतूस बसतं, त्या जागेला चेंबर म्हणतात. चेंबर गंजलं की उडवलेलं काडतूस आत चिकटतं आणि पुढून गज घालून ठोकावं लागतं. असं चेंबर आतून कापून साफ करायचं हत्यार म्हणजे रिमर, पोलादी दांडा, अंगावर उभ्या धारा. रिमर दोन लागतात. पहिला अंगानं किंचित बारीक, तो रफ कापतो. दुसरा पुऱ्या मापाचा, तो शेवटचा हात मारतो. काका ज्या हैदराबादी उस्तादाकडं शिकले त्यांच्याकडं बारक्याला चिन्ना म्हणत आणि मोठ्याला पेद्दा, म्हणजे तेलुगूत लहान आणि मोठा. आमच्याकडंही तीच नावं.

चेंबरची खोली तपासायला मापाचे दोन गेज. एक पूर्ण आत गेलाच पाहिजे, त्याचं नाव उस्तादांनी हिंदीत ठेवलं आजा, म्हणजे ये. दुसरा पूर्ण आत जाताच कामा नये, तो मत-आ, म्हणजे येऊ नको. आजा गेला आणि मत-आ अडला, तर चेंबर बरोबर. दोन्ही गेले, तर चेंबर वाजवीपेक्षा खोल झालं. मग ती बंदूक भिंतीला लावायची, खांद्याला नाही.

आणि एक नियम. रिमर उलटा फिरवायचा नाही. आत जाताना सुलटा आणि बाहेर काढतानाही सुलटाच, नाहीतर धारा तुटतात. आमचं खानदान रिमरसारखं आहे, माघारी फिरत नाही, असं काका गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे. अलीकडं सांगत नाहीत.

तर वयानं काकांचा हात कापायला लागला. परवान्यावर नाव एकच असतं, ते बदलून करण किंवा मी, कुणा एकाचं चढवायचं होतं. मला ते हवं होतं, कारण हा धंदा सोडून मला काही येत नाही. मोबाईल दुरुस्ती करून पाहिली, तिथं कानस वापरू देत नाहीत. करणला ते हवं होतं, कारण मला हवं होतं. काका म्हणाले, आधी हत्यारं वाटून घ्या, दोघं आपापलं काम करून दाखवा, मग पाहू.

आमच्याकडं वाटणीची रीत आहे. मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. मोठ्यानं एक वाटा भारी पाडला तर धाकटा तोच उचलेल, म्हणून मोठा झक मारत सारखे वाटे पाडतो. ही रीत शेतासाठी आहे. शेताला चिन्ना-पेद्दा नसतात.

करणनं सगळी दुपार खर्चून दोन ढीग लावले. डावीकडं पेद्दा, उजवीकडं चिन्ना. डावीकडं मत-आ, उजवीकडं आजा. नळी पकडायची व्हाइस उजवीकडं आणि ती आवळायची दांडी डावीकडं. आटे पाडायच्या टॅपचा तीन नगांचा संच होता, त्यातले दोन एकीकडं आणि एक दुसरीकडं. तेलाची कुपी एका ढिगात होती, तिचं टोपण दुसऱ्यात. लावून झाल्यावर तो असा हसला की मला सगळं कळलं. मी कुठलाही ढीग उचलला तरी मला काम करता येणार नव्हतं.

मी डावा उचलला.

मग करणच्या लक्षात आलं की उरलेला ढीग त्याचा आहे.

“चपलांचे जोड असते,” काकू म्हणाली, “तं उद्या दोघंबी लंगडत गेले असते बाजाराले.”

आता कुणीतरी एकानं, चल, बदलून घेऊ, असं म्हणायचं होतं. करण म्हणेल म्हणून मी थांबलो. तोही तसाच थांबला असावा, कारण संध्याकाळी त्यानं दुकानाच्या मधोमध एक पत्रा उभा केला. त्याच्या बाजूला शटरचं कुलूप आलं, माझ्या बाजूला किल्ली. रोज सकाळी आम्हाला एकाच वेळी यावं लागायचं. येताना तो फोनवर असल्याचं दाखवायचा, मी त्याला कुणाचा फोन येत नाही हे मोठ्यानं बोलायचो. त्यानं व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं, ‘काही लोक फक्त फिनिशिंगला येतात.’ मी त्याच दिवशी ठेवलं, ‘काही लोकांचं आयुष्यच रफ.’ काकूनं दोन्हींना अंगठा दिला.

असं चाललं होतं, आणि जैनथहून बयनाबाई आली.

बयनाबाईची पेनगंगेच्या अंगाला ज्वारी. नवऱ्यामागं बंदुकीचा परवाना तिच्या नावावर झाला. ज्वारी निसवली, कणसं बाहेर आली, की रानडुकरं येतात, ती एक बार हवेत काढते आणि उरलेलं काम शिव्यांनी करते. पण आता उडवलेलं काडतूस आत चिकटत होतं, दुसरा बार निघत नव्हता. डुकरांना हे कळलं आहे असं तिचं म्हणणं. पहिला बार झाला की ती नुसती मान वर करून पाहतात म्हणे.

काका पत्र्याच्या टोकाशी उभे राहिले, म्हणजे दोन्हीकडं ऐकू जावं. जो ही बंदूक बरोबर करून देईल त्याचं नाव परवान्यावर, एवढंच बोलून ते चहाला गेले.

बयनाबाईनं बंदूक करणकडं दिली, कारण सावली त्याच्याकडं होती. नळीत चालवायला त्याच्या मालकीचं एकमेव हत्यार म्हणजे चिन्ना. चिन्ना अंगानं बारीक, त्यामुळं चेंबरच्या भिंतींवरचा गंज त्याला लागेना. पेद्दा पत्र्यापलीकडं, माझ्या हातात. मी तो मुद्दाम फडक्यानं पुसत होतो, आवाज करून. करणनं मागितला असता तर मी दिला असता का, हा प्रश्न तुम्ही विचारू नका, कारण त्यानं मागितला नाही. त्यानं चिन्नाच आणखी आत दाबला. मग आजा टाकून पाहिला. आजा गेला. पुन्हा दाबला, पुन्हा पाहिला, आजा पुन्हा गेला. आजा जाणारच. विहिरीत सोडला असता तरी गेला असता. थांब म्हणणारा मत-आ होता, आणि तो माझ्याकडं होता.

“झाली,” करण म्हणाला.

बयनाबाईनं रिकामं काडतूस घालून काढून पाहिलं. चिकटलं. तिनं बंदूक उचलली आणि पत्र्याला वळसा घालून माझ्यापुढं ठेवली.

“तो म्हन्ते झाली. तू पाय बरं बाप्पा.”

अशा वेळी शहाणा माणूस आधी मत-आ टाकून तपासतो. मी आधी पेद्दा फिरवला. शेवटचा हात आपला असला तर काम आपलं, हा विचार होता. व्हाइसशिवाय नळी धरायची म्हणून मी ती गुडघ्यांत धरली, तेल सोडलं, टोपण करणकडं असल्यानं कुपी उघडीच ठेवली. पेद्दा सुलटा आत नेला, सुलटाच बाहेर काढला. गंज निघाला, चेंबर आरशासारखं झालं. काडतूस आपल्या पायानं बाहेर आलं. बयनाबाई चक्क हसली. मग मी मत-आ टाकला, नुसता रिवाज म्हणून.

तो पूर्ण आत गेला.

मी पुसून पुन्हा टाकला. पुन्हा गेला.

आता चेंबर खोल कुणी कापलं, करणच्या चिन्नानं की माझ्या पेद्दानं, हे सांगणारं जगात काहीही उरलं नव्हतं. करणनं खोल केलं, याची मला खात्री होती. मी केलं, याची करणला होती. तसे आमचे विचार जुळतात.

“काऊन रे कोळशा,” पत्र्यावरून मुंडकं काढून करण म्हणाला, “माह्या हातची बरोबर बंदूक तू काऊन बिघडवली?”

मी म्हटलं, करणदादा, तुमच्या हातची कुठली गोष्ट बरोबर होती ते एकदा सांगा, मी बोर्ड रंगवून घेतो. तो म्हणाला की माझा मत-आच मी घासून बारीक केला आहे. मी म्हणालो की त्याचा मेंदू कुणी घासला ते मला माहीत नाही. बयनाबाई दोघांकडं आळीपाळीनं पाहत होती, डुकरं पहिल्या बारानंतर पाहत असतील तशी.

काका चहाहून आले. त्यांनी आजा घातला, मग मत-आ घातला, आणि दोन्ही बाहेर काढून फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. वाटणीनंतर ते पहिल्यांदाच शेजारी आले होते.

“कोनं केलं?” काकांनी विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

“आता सांगा,” काका म्हणाले, “दोघायपैकी एक जन म्हना, की जोड एका जागी ठेवतो, दुसरा म्हनन तसं. त्याले देतो परवाना. आत्ता देतो.”

एवढंच करायचं होतं. वाक्य सोपं होतं. मी ते मनात म्हणूनही पाहिलं, नीट बसलं. पण करणच्या तोंडावर ते हसू होतं, ढीग लावतानाचं, आणि माझं वाक्य आतच चिकटलं. करणचंही कुठंतरी चिकटलं असणार.

काका बयनाबाईला म्हणाले की बाई, ही बंदूक आता उडवायची नाही, नळी फुटेल. तसं लिहून देतो.

“म्हंजे काठी झाली हे,” बयनाबाई म्हणाली. “अन् माही जवारी?”

ती उठली, मधला पत्रा दोन्ही हातांनी हलवून पाहिला, आवाज तिला पसंत पडला असावा. उपटून घेऊन गेली. आता तोच बडवते म्हणे, आणि डुकरं खरोखर पळतात. आमच्या दुकानानं बरोबर करून दिलेलं हे शेवटचं काम, आणि तेही करणचं की माझं ते ठरायचं आहे. पत्रा त्यानं आणला होता, खिळे माझे होते.

काकांनी परवाना फ्रेममधून काढला. आम्ही तिघं एकाच ऑटोनं कचेरीत गेलो, काका मध्ये बसले. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे, आणि ते झालेलं नाही हेही सांगितलं आहे. सीलच्या आत हत्यारं आहेत, दोन ढीग, मध्ये पत्रा नाही. आम्ही तरी रोज सकाळी बंद शटरपुढं येतो. करणनं स्टूल बाहेर काढून घेतलं होतं, तो बसतो. मी उभा राहतो. किल्ली अजून माझ्याकडंच आहे.

मग कचेरीत द्यायला मी एक अर्ज मराठीत लिहिला. आवकच्या खिडकीतले हर्षदीप सर आमच्यातलेच, मराठी बोलणारे. त्यांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, तेलुगूत लिहून आणा, म्हणजे तेलुगूत नामंजूर करता येईल. मी आणलेला नाही. जसा आहे तसा इथं देतो.

*मा. जिल्हाधिकारी साहेब यांचे सेवेशी. विषय: शस्त्रदुरुस्ती परवान्याचे वाटे करून मिळणेबाबत. अर्जदार सविनय सादर करतो की, सदर दुकानातील हत्यारांची रीतीप्रमाणे वाटणी झालेली असून ती बदलण्यास कोणताही पक्ष राजी नाही व राहणार नाही. सबब जमा परवाना मधोमध विभागून, चेंबर रफ कापण्यापर्यंतचा परवाना श्री. करण उद्धवराव यांचे नावे व तेथून पुढचा अर्जदाराचे नावे देण्यात यावा. आजा आणि मत-आ हे दोन गेज सरकारजमा करून, बंदूक एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे नेण्यासाठी व प्रत्येक वेळी मध्ये थांबून ते टाकून पाहण्यासाठी शासनातर्फे एक तटस्थ इसम कायमस्वरूपी नेमावा. सदर इसमाने एकीकडचे बोलणे दुसरीकडे सांगू नये. तथापि श्री. करण यांनी आपणहून अर्जदाराची चौकशी केल्यास, तेवढी मात्र त्याच दिवशी, शब्दशः कळविण्याची तजवीज व्हावी, ही विनंती.*