डाव्या मनगटाचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मनगटाचा, आणि त्यातही डाव्या. उल्हासनगरातल्या एका छोट्या कारखान्यात मला शिवले. निळे कापड, आत मऊ अस्तर आणि तळहाताच्या बाजूला धातूची पातळ पट्टी. माझ्यासोबतच माझा उजवा भाऊ तयार झाला. आम्ही दोघे एकाच खोक्यात अंगाला अंग लावून बसायचो. ते दिवस आठवले की अजूनही बरे वाटते.

पालेगावच्या ऋतिकाने आम्हाला विकत घेतले, तिच्या सासूसाठी. सासूचे नाव बनूबाई. तिने आयुष्यभर भाताची लावणी केली होती. पुढे शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि तिच्या ओटीवर उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे येऊ लागले. शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे काम. डाव्या हाताने कापड ताणून धरायचे, उजव्याने कटर चालवायचा. असे करता करता दोन्ही हातांची बोटे बधिर होऊ लागली. सकाळी ती हात झटकतच उठायची.

अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावले होते. "आजी, मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी नस तुमच्या दोन्ही हातांत दाबली जातेय. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रोज रात्री दोन्ही पट्टे बांधून झोपा, म्हणजे मनगट सरळ राहील. काम कमी करा, मी सांगते तो व्यायाम करा. नाहीच भागलं तर इंजेक्शन आहे, आणि शेवटी ऑपरेशन."

घरी आल्यावर घोडे अडले ते बांगड्यांपाशी. बनूबाईच्या हातांत हिरव्या काचेच्या घट्ट बांगड्या. त्यांच्यावरून आम्ही बसेनाच. ऋतिकाने साबण लावून उजव्या हातातल्या काढल्या. डाव्याची पाळी आली तशी बनूबाईने हात मागे घेतला.

"दोनी हात बोडके करून झोपू? नवरा जिता हाय माजा!"

"अहो मम्मी, आजकाल कोण बघतंय?"

"मी बघतंय ना," बनूबाई म्हणाली. विषय संपला.

झाले! भाऊ हातावर चढला आणि मी फळीवरच्या खोक्यात पडलो. त्याला धुवायचे, उन्हात वाळत घालायचे, संध्याकाळी आठवणीने शोधायचे. उजव्या हाताच्या मुंग्या थांबल्या तेव्हा तर घरात त्याचे कौतुक मावेना. मी खोक्यात तोंड फुगवून बसलो होतो. मला वाईट वाटायचे ते एवढ्याचसाठी, की डावा हात दिवसेंदिवस बिघडत होता आणि बनूबाई कुणाला सांगत नव्हती.

एकदा भाकरी उलटताना तिच्या डाव्या हाताची बोटे तव्याला टेकली. ऋतिका ओरडली, "मम्मी, भाजलं ना तुमचं बोट!"

बनूबाईने फोडाकडे पाहिले. "कदी?" तिने विचारले.

नसांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "उजवा चांगला सावरलाय. पण डाव्या अंगठ्याखालचं मांस सुकत चाललंय. आता नुसत्या पट्ट्याने भागणार नाही. इंजेक्शनने फार तर थोडे दिवस आराम पडेल. ऑपरेशन करून घ्या. बधिरपणा कमी होईल. अंगठ्यात पहिली ताकद येईलच असं नाही, पण थांबलात तर हात कायमचा असाच राहील."

ऑपरेशनला बांगड्या काढाव्या लागणार होत्या. "मना नाय करायचं," असे म्हणून बनूबाई घरी आली आणि पुन्हा जीन्सचा गठ्ठा उघडून कामाला बसली.

तिचा नवरा महिपती हा अगदी मितभाषी माणूस. तो उठला, मोरीतून साबण आणि वाडगाभर पाणी घेऊन तिच्यासमोर बसला आणि तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला.

"काय करताव?" ती घाबरून म्हणाली.

"माझ्याच नावाच्या ना या? मंग मीच काढतो."

"अवो, नको!"

"मी जिता हाय, ते मना बांगडी नाय सांगत," महिपती म्हणाला. "तू ताटात भाकरी वाढतंस, त्यात कळतं."

तो एकेक बांगडी सोडवत होता आणि बनूबाई रडत होती. पण हात तिने मागे घेतला नाही. फळीवर मलाही भरून आले.

ऑपरेशन झाले. त्यानंतर थोडे दिवस, बँडेजवरून का होईना, मी तिच्या हातावर बसलो. टाके निघाले तेव्हा तिने डाव्या बोटांनी माझी कड चाचपली. "खरखरीत लागतंय," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. अंगठ्याचे मांस मात्र भरून आले नाही. सुईत दोरा आता ऋतिका ओवून देते आणि जीन्सचे गठ्ठे बंद झाले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सकाळी हात झटकत उठत असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि दोन्ही हातांची चौकशी करा. एक बरा झाला म्हणून दुसऱ्याला विसरू नका. आणि आमच्यासारखे पट्टे आणलेत तर ते रोज बांधून, धुऊन, झिजवून टाका. माझा भाऊ पार विटला आहे, त्याच्या शिवणी उसवल्या आहेत. माझे अस्तर अजून कोरे आहे, आणि त्याची मला लाज वाटते.