पिवळ्या पाण्याचा फोटो

आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं पाणी पिवळं येतं, वासही मारतं. म्हणून सगळेच ते गटारीत सोडतात आणि नितळ आलं की हंडे लावतात. हे मला माहीत होतं. आधीच सांगतो, नाहीतर मी अजाणता चुकलो असं कुणाला वाटायचं.

साठीनंतर सुनेनं, दिपमालानं, मला वाचायला शिकवलं. तेव्हापासून मोबाईलवर 'शहर खबर' वाचल्याशिवाय माझा चहा होत नाही. कुठला रस्ता खोदला, कुठला बसथांबा हलवला, कुठे कचरागाडी येत नाही, सगळं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो. "आबा, यंदा नगरसेवकाले उभे ऱ्हा," असं लोक चिडवतात. मला ते आवडायचं.

एकदा त्यात आलं, पाण्याच्या नासाडीचे फोटो पाठवा, नावासह छापू. त्याच दिवशी नळ आला. समोरच्या यशोदाबाईंची नळी गटारीत होती. माझीही होती. माझी दिसणार नाही असा मोबाईल धरला, फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'शहर तहानलेलं, इथे पिण्याचं पाणी गटारीत.' पिवळं होतं, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. खाली माझं नाव, रुपचंद पाटील. मी ते सात-आठ वेळा वाचलं. ओट्यावर मात्र ती बातमी वाचली नाही.

तिसऱ्या दिवशी पालिकेची माणसं आली आणि यशोदाबाईंचा नळ तोडून गेली. बाई सत्तरीची, घरात एकटी, अक्षरओळख नाही. दुपारी कोरा कागद घेऊन माझ्याच दारात आली.

"आबा, अर्ज लिखी द्या. हापिसमा सांगतस, मोबाईलमा माना फोटू शे. पिवळं पानी कोन्ले पाजू मी?"

"बसा," मी म्हणालो.

"फोटू कोन्ही काढा, ते बी लिखेल शे का तठे?"

मी चष्मा पुसत राहिलो.

"लिखा, कोन्या तरी मेल्यानी काढा. त्याना घरना नळ आटी जावो!"

आतून दिपमाला माझ्याकडे बघत होती. तिनं बातमी वाचली होती.

मी अर्ज लिहिला. अक्षर वाकडं आलं. मग यशोदाबाईंना वाचून दाखवला. पाणी पिवळं होतं. सगळी गल्ली ते सोडते. फोटो रुपचंद पाटील यानं काढला, त्याची स्वतःची नळीही गटारीत होती, आणि त्यानं खोटं लिहिलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

परत वाचलं. नाव घाईनं उरकलं. तिनं तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

मग तिनं अंगठा उठवला आणि पदराला शाई पुसली. मी म्हणालो, "यशोदाबाई, नळ जोडेपर्यंत आमच्याकडून पाणी न्या."

"तुमनं पानी नको माले," ती म्हणाली. "चला हापिसमा. तठे सगळास्नी समोर वाचा. आठे ओट्यावर वाचतस ना, तसंच. मोठ्यानी."

मी चपला घातल्या. ती पुढे चालत होती. गल्लीतून जाताना कोणीतरी हाक मारली, "आबा, आज काय खबर?" मला मान वर करता आली नाही.