धक्क्यावर मी काय पाहिलं

मी एक जुनी दुर्बीण आहे. नारायण पेठेतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात, औषधांच्या रिकाम्या डब्यांशेजारी माझा मुक्काम असतो. डाव्या भिंगावर बुरशी चढली आहे. पाहुणे मला उचलतात, समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं बघतात आणि परत ठेवून देतात. असो.

मित्रांनो, माझे धनी रिअर अ‍ॅडमिरल श्रीधर अष्टेकर. खडकवासल्याला शिकून पहिल्या जहाजावर रुजू होताना त्यांनी मला विकत घेतलं. चौतीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होते. टेहळणीवर असलेल्याने दिसेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, अशी त्यांची शिस्त. त्यापायी त्यांनी भल्याभल्यांना झापलं. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटे.

निवृत्तीनंतर सरकारने त्यांना एका लहानशा बेटावरच्या देशात राजदूत म्हणून पाठवलं. सोबत मी आणि ड्रायव्हर संपत. संपत पूर्वी त्यांच्याच जहाजावर खलाशी होता. गाव खडकवासल्याच्या पलीकडे, घर माळकरी. दारूच्या थेंबाला तो कधी शिवला नाही.

दुसऱ्याच वर्षी तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली आणि आपली दोनशे माणसं अडकली. त्यांना न्यायला आपलं जहाज यायचं होतं. भर दुपारी संपत एका शिक्षकाच्या कुटुंबाला धक्क्यावर सोडून परत निघाला, तेव्हा सैनिकांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. गाडी पाण्यात गेली, संपतचं प्रेतही हाती लागलं नाही. साहेब दूतावासाच्या गच्चीवर होते आणि मी त्यांच्या डोळ्यांना होते. आम्ही दोघांनी सगळं पाहिलं.

नव्या राज्यकर्त्यांनी निरोप धाडला, की तक्रार केलीत तर तुमच्या जहाजाला बंदरात येऊ देणार नाही. साहेबांनी मग सरकारी कागदावर लिहिलं, 'वाहन अपघात'. दोनशे माणसं सुखरूप घरी आली. पेपरात फोटो छापून आले, हारतुरे झाले. त्या दिवशीचं लिहिणं मी समजू शकते. पुढची नऊ वर्षं ते तोंड मिटून बसले, ते मात्र मला आजही पटत नाही.

कारण गावाने त्या अपघाताला दारू जोडली. खलाशीच तो, प्यायलेला असणार, असं लोक सरळ बोलू लागले. संपतची आई मथुराबाई दर दिवाळीनंतर दोन बस बदलून यायच्या. हातात आंबेमोहोर तांदळाची पिशवी असायची.

"साहेब, गाव म्हनतंय पोरगं पिऊन गाडी चालवत व्हतं. खरं हाय का?"

'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग गाडी पाण्यात गेली कशी? म्हणून साहेब म्हणायचे, "सरकारी बाब आहे, मथुराबाई. पुढच्या खेपेला बोलू."

त्या गेल्या की साहेबांच्या पत्नी पद्मजाबाई विचारायच्या, "अहो, काय ते एकदा सांगून का टाकत नाही?" त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

"बघू," एवढंच उत्तर मिळायचं.

मग साहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, मानही धरवेना. त्यांची खाट हॉलमध्येच टाकली होती. त्या वर्षीही मथुराबाई आल्या आणि खाटेशेजारी जमिनीवर बसल्या.

"आता मी बी थकले, साहेब. येकच सांगा. संपत प्याला व्हता का? नुसती मान हलवा."

साहेबांनी सगळा जीव एकवटला. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला समोरून दिसत होत्या. मान आडवी वळेना. ती खाली पडली. त्यांनी कशीबशी उचलली, तर पुन्हा खाली पडली.

मथुराबाई जमिनीला हात टेकून उठल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हंजी गाव खोटं बोलत नव्हतं."

पिशवी तिथेच ठेवून त्या निघून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. साहेब रडत होते. आजारपणात असं होतं, म्हणून पद्मजाबाईंनी त्यांचे डोळे पुसले. महिन्याभरात साहेब गेले.

मित्रांनो, माझी भिंगं पुसा, असं मी म्हणत नाही. माझं आता काय व्हायचंय? मला तोंड नाही आणि ज्यांना होतं त्यांनी ते वेळेवर उघडलं नाही. तुम्ही खडकवासल्याच्या पलीकडे कधी गेलात, तर मथुराबाईंचं घर विचारा. त्या हयात असल्या तर त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, की संपतला गोळ्या घातल्या. तो प्यायला नव्हता.