चमचा-चमचा पाणी

“अन् ओकारी करत असन, तरी पानी द्याचं का जी?”

सखाबाईचा हा तिसरा प्रश्न होता आणि माझा धीर सुटत चालला होता. सानगडीच्या पलीकडं, एका लहान तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासेमार ढीवरांची पंचवीस-तीस घरं होती. त्या टोलीतल्या मारुतीच्या ओट्यावर जुलाबावर साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं ते शिकवायला मी लोटा, साखर, मीठ आणि चमचा मांडून बसलो होतो. साल त्र्याऐंशी. आरोग्यसेवक म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. लोक मला ‘डाक्टर’ म्हणत आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो त्या दिवशी मी मनसोक्त केला.

“द्यायचं,” मी म्हणालो. “उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमचा-चमचा द्यायचं. अहो बाई, ढाळीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी संपतं म्हणून. पाणी दिलं की वाचतो. इतकं सोपं आहे!”

टोलीची सुईण शकुनबाई बाजूला बसली होती. तिनं तोंड वाकडं केलं. “ढाळीत पानी देते का कोनी? आनखी पोट सुटते.”

बायका हसल्या. सखाबाई हसली नाही. चाळिशीच्या आसपासची, शिंगाडे आणि मासळी विकणारी काटक बाई. ती उठली, लुगडं झटकलं आणि घराकडं गेली. तिची शिंगाड्यांची टोपली ओट्यावर तशीच राहिली.

पुढचे दोन आठवडे ती बाजारात दिसली नाही. माझ्या बोलण्याचा राग आला असेल, असं समजून मी तिच्या नवऱ्याला गाठलं. सुखराम पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. आधी त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. मग सुई बाजूला ठेवली.

“राग नाई जी. तुमी खरंच सांगतलं, थेच झालं.”

नऊ वर्षांपूर्वी टोलीत हैजा, म्हणजे पटकी, आला होता. अकरा माणसं गेली. सुखराम तेव्हा मासेमारीसाठी पवनीकडं होता. घरी सखाबाई आणि सहा वर्षांचा फकिरा. आधीची दोन लेकरं गेली होती. हा तरी टिकावा म्हणून त्याचं असं मागून आणल्यासारखं नाव ठेवलेलं.

“पोरगं सकाळपासून पानी मांगत होतं,” सुखराम म्हणाला. “शकुनमावशीनं सांगतलं, एक घोट बी देऊ नको, पानी देल्लं का ढाळ वाढते. सगळ्यायले असंच वाटे जी तवा. इनं आपले हात पदरात बांधून घेतले, चुकून देनं होऊ नये म्हनून. दिवस बुडता बुडता पोरगं गेलं.”

“आणि सखाबाई?”

“दुसऱ्या दिवशी तिलेच लागलं. तिले अडवाले घरात कोनी उरलंच नोतं. सरपटत गेली अन् मडक्यालेच तोंड लावलं. पेतच गेली. वाचली.” त्यानं सुई पुन्हा हातात घेतली. “तवापासून कोनासमोर पानी पीत नाई. मधातच चार-चार दिवस घरातून निंगत नाई. लोकं म्हनत, लागीर हाये. तीन भगत झाले, अंगारे झाले. आतावरी तिले वाटे का, पोट्टं गेलं थे देवाच्या मर्जीनं. तुमी त्या दिवशी सांगतलं, तवा तिले समजलं.”

मी सायकलवर बसलो, पण पायडल मारायचं मला सुचेना. जे शिकवल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटत होतो, तेच मी एका आईच्या काळजात खुपसून आलो होतो. माझ्या शिकवणीत खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच माफी तरी कशाची मागायची ते मला कळत नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आणि सांगायला हरकत नाही, आजही वाटते.

त्यानंतर आठवडाभरानं मी टोलीत गेलो तर शकुनबाईच्या दारात माणसं जमलेली. तिचा तीन वर्षांचा नातू बाबुलाल पहाटेपासून ढाळीनं बेजार होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. त्याची आई कोपऱ्यात रडत होती. आणि सखाबाई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. समोर लोटा, हातात चमचा.

शकुनबाईनं तिचं मनगट धरलं होतं. “सखे, सोड त्याले. तुह्या डोक्याचा ठिकाना नाई, साऱ्या गावाले मालूम हाये.”

“हात सोडा मावशी.”

“पोरगं मेलं तं तुह्या नावावर जाइन!”

सखाबाईनं मान वर केली. तिचा आवाज चढला नाही. “जाऊ द्या. देल्ल्यानं मेला तं माह्या नावावर. न देल्ल्यानं मेला तो बी माह्याच नावावर हाये.”

शकुनबाईच्या हाताची पकड सुटली. मीही दारातच थांबलो. खरं तर मी पुढं होऊन चार शब्द सांगायला हवे होते, पण त्या घरात माझ्यापेक्षा जास्त जाणणारं माणूस आधीच कामाला लागलं होतं. माझ्या पिशवीतली पाण्यात कालवायच्या औषधाची पुडी मी तेवढी तिच्यापुढं ठेवली.

पहिले सहा चमचे पोरानं ओकून टाकले. तिनं तोंड पुसलं, थोडं थांबली, पुन्हा सातवा दिला. शकुनबाई भिंतीकडं तोंड करून पुटपुटत राहिली. दुपार झाली. कुणीतरी सखाबाईला भाकर आणून दिली, ती तिथंच वाळली. चमचा बुडायचा, पोराच्या ओठाला लागायचा. मधेच पोरगं निपचित पडलं आणि त्याच्या आईनं हंबरडा फोडला, तेव्हा सखाबाईचा चमचा हवेतच थांबला. चमच्यातलं पाणी सांडलं. ती कुठल्या दिवसात जाऊन पोचली होती, ते मला माहीत होतं. तिनं डावा हात उजव्या मनगटाला लावला, ते घट्ट धरलं आणि तसाच चमचा पुन्हा भरला.

उन्हं कलली तेव्हा ती एकाएकी म्हणाली, “मुतला!”

तिच्या मांडीवरचं लुगडं ओलं झालं होतं. पोराच्या अंगात पाणी ठरल्याची ती खूण. मी तिथं जमलेल्यांना हे समजावून सांगण्याआधीच बाबुलालनं डोळे उघडले आणि चमचा दातांत धरून ठेवला. त्याची आई हसत-रडत सखाबाईच्या पाया पडायला धावली.

शकुनबाई मात्र जागची उठली नाही. पाणी न दिल्यानं तेव्हा काय झालं होतं, ते तिलाही कळून चुकलं होतं. “सखे,” ती म्हणाली, “त्या वक्ताले मीनंच तुले...”

“पोराले झोपू द्या मावशी,” सखाबाई म्हणाली.

माफ केलं की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण शकुनबाई त्यानंतर कुठंही बाळंतपणाला गेली की साखर-मिठाचं सांगितल्याशिवाय परतत नसे.

मी त्या भागात आणखी चार वर्षं होतो. त्या टोलीत ढाळीनं एकही लेकरू गेलं नाही. याचा अहवालात उल्लेख झाला आणि शाबासकी मला मिळाली. काम कुणाचं होतं, ते टोलीला ठाऊक होतं. सखाबाई बरी झाली, असं लोक म्हणू लागले. ती बरी झाली नव्हती. अजूनही तिचे काही दिवस दार लावून जायचे, सुखराम मला नुसता हातानंच ‘आज नको’ म्हणून खुणावायचा. पण त्याही दिवशी कुणाचं पोर आजारी आहे म्हणून हाक आली, तर दार उघडायचं. दुखणं बाजूला सारून काम करणारी माणसं मी खूप पाहिली. दुखणं सोबत घेऊन जाणारी तीच एक.

बदलीचा हुकूम आला, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. ती निघण्याच्याच घाईत होती. पलीकडच्या टोलीत एका मुलीला सकाळपासून ढाळ होती. मी सायकल हातात धरून तिच्यासोबत पाळीवरून चालू लागलो आणि चार वर्षं मनात राहिलेलं शेवटी बोललो.

“सखाबाई, तुमची चूक नव्हती. तेव्हा इकडं कुणालाच माहीत नव्हतं. शिकलेले लोकसुद्धा पाणी बंद करायला सांगत.”

“मालूम हाये जी,” ती म्हणाली. चालणं थांबवलं नाही. “तुमी खरं सांगता. पन तो मांगत होता नं.”

तिनं पदर कमरेला खोचला आणि पावलं उचलली. मुलीचं घर अजून बरंच लांब होतं, आणि सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालताना मला धाप लागत होती.