शिक्का क्रमांक एक्केचाळीस

उल्हासरावांनी मीठदाणी बाजूला सारली, काचेच्या टेबलावर काडतूस आडवे ठेवले आणि बोटाच्या टोकाने हलकेच ढकलले. ते गडगडत पलीकडे गेले. कडेवरून पडण्याआधी त्यांनी ते दुसऱ्या हातात झेलले, त्याच्या मिटलेल्या तोंडाच्या घड्यांवरून अंगठा फिरवला, आणि उजवीकडे ठेवले. मग दुसरे घेतले.

देवेश ओट्याशी उभा राहून पाहत होता. वडिलांना कॅनडात येऊन तीन आठवडे झाले होते. इतके मन लावून काही करताना ते त्याला प्रथमच दिसत होते.

"याने आयुष्यात झुरळ मारलेलं नाही, बाबा," डिशवॉशर लावता लावता रुचा सासऱ्यांना म्हणाली. "बेसमेंटमध्ये कोळी निघाला तर मला हाक मारतो. आणि उद्या टर्की मारायला निघालाय."

"टर्की कोळ्यापेक्षा मोठी असते," देवेश म्हणाला. "नेम धरायला सोपी."

उल्हासराव हसले नाहीत. कामाच्या वेळी ते हसत नसत.

गेल्या हिवाळ्यात देवेशने शिकारीचा कोर्स केला, परवाना काढला, जुनी बंदूक घेतली. का, ते त्याला रुचालाही धड सांगता आले नव्हते. ऑफिसात आणि पार्ट्यांत त्याचे गप्प बसणे लोकांना खटकायचे. रानात मात्र, कोर्समधल्या म्हाताऱ्या वॉलेसने सांगितले होते, न बोलणारा माणूसच कामाचा. त्या एका वाक्याने देवेशला चार वर्षांत पहिल्यांदा या देशात आपली जागा दिसली होती. वॉलेसच्या शेतामागच्या रानात टर्की उतरत. उद्या मोसमाचा पहिला दिवस होता. पण वॉलेसची अट होती: आज दुपारी पस्तीस पावलांवरून कागदावर बार काढायचा, आणि कागदावरच्या टर्कीच्या डोक्यामानेत किमान दहा छर्रे दिसले पाहिजेत. जखमी पाखरू रानात तडफडत ठेवणारा माणूस त्याला आपल्या जमिनीवर नको होता. दहा भरले नाहीत, तर यायचे नाही.

म्हणून देवेशने महिनाभर तक्ता भरला होता. छऱ्यांचा आकार, वजन, वेग, लोकांचे अभिप्राय. तक्त्यात पहिली आलेली लांब, लाल काडतुसे त्याने अभिमानाने वडिलांसमोर ठेवली.

उल्हासरावांनी ती हातात घेतली नाहीत. रिकामी बंदूक उजेडाकडे वळवून त्यांनी नळीवर कोरलेली बारीक अक्षरे वाचली.

"ही तीन इंची बंदूक आहे. ही साडेतीनची आहेत."

"पण आत बसतात, बाबा. मी एक आत घालून..." तो अडखळला. "म्हणजे, मापाने बसायला हवीत. पट्टीने मोजली मी. तीनच भरतात."

"मिटलेली मोजलीस. उडताना तोंड उघडतं ना त्याचं? उघडायला जागा कुठाय?" त्यांनी लाल खोके दोन बोटांनी टेबलाच्या टोकाला सरकवले. "नळी फाटली असती. किंवा तू."

डिशवॉशरचे दार अर्धवट उघडे राहिले.

उरली दोन खोकी, दोन्ही तीन इंची. एक चार नंबरच्या छऱ्यांचे, दुसरे सहा नंबरच्या, अधिक बारीक छऱ्यांचे. उल्हासरावांनी राहिलेले एकेक काडतूस गडगडवले. सहा नंबरच्या दहांतले एक किंचित तिरके गेले, एकाच्या घडीला नखाएवढी फट होती. ती दोन डावीकडे गेली.

"रुचा, तुझं ते काळं मार्कर दे गं जरा."

पास झालेल्या प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडाच्या कडेला त्यांनी सावकाश आकडा लिहिला. ४१.

खानदेशातल्या आयुध कारखान्यात तो त्यांचा तपासणीचा शिक्का होता. चौतीस वर्षे, पट्ट्यावरून येणारी काडतुसे, आणि हा अंगठा. शाळेत कुणी विचारले की देवेश "सरकारी नोकरी" म्हणायचा आणि विषय बदलायचा. इतर मुलांचे वडील डॉक्टर होते, प्राध्यापक होते. परवा वॉलेसने विचारले तेव्हाही त्याने "गव्हर्न्मेंट जॉब" एवढेच सांगितले होते.

वॉलेसच्या शेतामागे मुरमाची जुनी खाण होती. कडेच्या सावलीत अजून मळकट बर्फ होता, मेपलच्या फांद्या लालसर टोकांनी नुसत्याच उभ्या होत्या. दुपारी तिथे पोचल्यावर वॉलेसने कानांवर लावायला उल्हासरावांना स्वतःचे मफ दिले आणि ट्रकच्या मागे उभे केले.

पहिला बार चार नंबरचा. कागदावर सहा छिद्रे, आणि मानेच्या मधोमध तळहाताएवढी कोरी जागा.

टोपी मागे सारून वॉलेसने नवा कागद लावला.

देवेशने सहा नंबरचे काडतूस भरले. बुडावरचे काळे एक्केचाळीस क्षणभर दिसले आणि नळीत गेले. त्याने श्वास अर्धा सोडला. खाणीच्या भिंतीवरून आवाज परत आला. दूर कुठेतरी हंस ओरडत उठले.

वॉलेस आणि तो कागदाकडे चालत गेले. वॉलेसने बोटाने छिद्रे मोजली. सतरा. त्याने पुन्हा मोजली. पुन्हा सतरा.

परत येताना देवेशला दिसले, वडील कागदाकडे पाहतच नव्हते. वाकून त्यांनी मातीतून रिकामे काडतूस उचलले होते आणि त्याच्या उमललेल्या तोंडात ते पाहत होते, एखाद्या खोल भांड्यात पाहावे तसे.

"बाबा, सतरा!"

"हं." त्यांनी काडतूस नाकाशी नेले. "आमच्याकडून भरलेलं जायचं. उडालेलं बघायचा सेक्शन वेगळा, तिकडे आम्हाला सोडत नसत. चौतीस वर्षांत हे पहिलं."

वॉलेसने हात पुढे केला. रिकामे काडतूस त्याच्या हातात गेले. त्याने बूड वळवले. हा आकडा कसला, त्याने विचारले.

देवेश नेहमीप्रमाणे हसून खांदे उडवणार होता. मग त्याने बंदूक उघडी करून ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवली आणि सांगू लागला. पट्टा, अंगठा, घडीतली फट, सकाळची साडेतीन इंची चूक, जी सांगायची गरजच नव्हती. या देशात तो इतके सलग इंग्रजी कुणाशी बोलला नव्हता. "ही वॉज द लास्ट मॅन टू टच देम," तो म्हणाला. "आफ्टर हिम, नोबडी चेक्ड."

वॉलेसने सगळे ऐकून घेतले. मान एकदा हलवली.

"उद्या पहाटे साडेचारला. फाटकाशी," तो म्हणाला. "दोघंही."

मग तो ट्रकच्या पुढच्या बाजूला गेला. सीटखालचा, कोपरे झिजलेला, त्याच्या स्वतःच्या काडतुसांचा डबा त्याने आणला आणि उल्हासरावांसमोर फळीवर हळूच उपडा केला. टोपी काढून शेजारी ठेवली.

उल्हासरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा चढवला. फळी सपाट आहे का, ते तळहाताने पाहिले.

"देवेश," ते वर न पाहता म्हणाले, "मार्कर आणलंयस ना?"