मोहाखालचे गोटे

"चौकटीला लावून धरा, सोडू नका," असं म्हणत उत्पादन शुल्काचे साहेब टेप उलगडत चालू लागले. लालसू मडावीनं टेपचं टोक हॉटेलच्या दाराला अंगठ्यानं दाबून धरलं. राजुऱ्याहून तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, स्वतःच्याच शेताच्या कडेला त्यानं हे हॉटेल बांधलं होतं. आता त्याला परमिट रूमचा, म्हणजे बारचा, परवाना हवा होता, आणि शाळा किंवा देऊळ ठरावीक अंतरात असलं तर तो मिळत नसे. शाळा अंतराबाहेर निघाली. देऊळ तर गावात नव्हतंच. साहेब टेप गुंडाळू लागले आणि त्यांची नजर बांधावरच्या मोहाकडे गेली.

झाडाखाली हळद लावलेले गोटे होते. शेजारी लाकडाचा खुंट होता, आणि पावसानं झिजलेले मातीचे घोडे.

"ते काय आहे?" साहेबांनी विचारलं.

दारात कांदे चिरत बसलेल्या त्याच्या बायकोचा, सोमारीचा, हात थांबला. बाजेवर लच्छूकाका बसला होता. तो गावचा भुमका, म्हणजे गोंडांच्या पेनाची, देवाची पूजा करणारा म्हातारा. त्यानं विडी विझवली.

ते पेनठाणं होतं. लालसूचा बाप मेला तेव्हा लच्छूकाकानंच रीतीप्रमाणे त्याला तिथं पेनात मिळवलं होतं. त्या गोट्यांतला एक धाकटा गोटा बापाच्या नावानं बसवलेला होता. नवा मोह आला, नवं धान आलं की आधी तिथं ठेवायचं, मग घरात खायचं. दारूचंही तसंच. पहिली धार जमिनीवर, बापाला आणि पेनाला. त्यामुळे लालसूनं बारचं काढलं तेव्हा गावात कोणी नाक मुरडलं नव्हतं. ग्रामसभेत सगळ्यात आधी हात लच्छूकाकाचाच वर गेला होता.

"शेतातले गोटे आहेत जी," लालसू म्हणाला.

साहेब माणूस भला होता. त्यांनी हातातल्या बॉलपेनला टोपण लावलं. "नीट विचार करून सांगा. तुमच्या लोकांचं देवाचं ठिकाण असेल तर मला तसं लिहावं लागेल. मग परवान्याचं अवघड होईल, पण मी खोटं लिहिणार नाही."

"नाई जी. तिथी काई नाई."

"काका, तुम्ही सांगा."

लच्छूकाकानं लालसूकडे पाहिलं. लालसू हातावर लागलेली टेपची धूळ झटकत होता.

"जागा त्याची हाये," म्हातारा म्हणाला. "तो म्हणते तसं लिवा."

साहेबांनी तसं लिहिलं. चहा न घेताच ते गेले.

लालसू काही वाईट माणूस नव्हता. जिल्ह्यात दारूबंदी होती तोवर त्याचं उलट झकास चाललं होतं. पिणारे सीमेपलीकडे जात आणि परतताना भूक लागली की त्याच्याकडे गावरान कोंबडा खायला थांबत. बंदी उठली आणि पावसाळ्यात सात्या, म्हणजे अळंब्या, उगवाव्यात तसे रस्त्याला बार उगवले. गाडी थांबे, काच खाली होई, "प्यायची सोय आहे का?" असा प्रश्न येई आणि काच पुन्हा वर जाई. रश्श्याची तीच चव, तोच चुलीचा धूर, पण खायला कोणी उरलं नव्हतं. हॉटेल बंद करायचं तर पुन्हा कोळसा खाणीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला जावं लागलं असतं. तिथं त्याला "ए लालश्या" म्हणत. इथं "शेठ" म्हणत. एवढ्याशा शब्दासाठी माणूस काय काय करील याचा नेम नाही. आणि आपल्या देवाला छप्पर नाही, घंटा नाही, तेव्हा सरकारच्या हिशेबी तो देव नव्हेच, अशी मनाची समजूतही त्यानं घालून घेतली होती.

त्या दिवसापासून सोमारी भांडेल म्हणून तो वाट पाहत राहिला. ती भांडली नाही. तिनं कोंबडा शिजवला, ताटं वाढली, विचारलं त्याला उत्तर दिलं. भांडली असती तर फार बरं झालं असतं. मग त्यालाही चार शब्द बोलता आले असते, आणि बोलता बोलता रडताही आलं असतं. मोहाकडे जायचं मात्र तो टाळत होता. शेतात उतरायचा तोही पलीकडच्या बाजूनं. परवाना आला की पहिली बाटली बापालाच ठेवायची आणि तेव्हाच काय ते बोलायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

परवाना आला. त्यानं तो काचेत बसवून भिंतीला लावला. उद्घाटनाच्या दिवशी दुपारपासूनच गाड्या लागल्या. लालसूनं पहिली बाटली फोडली, कोणाला वाढायच्या आधी पळसाच्या पानाच्या डोण्यात थोडी ओतली, आणि डोणा दोन्ही हातांत धरून तो मोहाकडे निघाला.

झाडाखाली काही नव्हतं. गोटे नव्हते, घोडे नव्हते. खुंटाच्या जागी खड्डा होता. गोटे बसले होते तिथं मातीत खळगे तेवढे राहिले होते, आणि त्यांच्या कडांना हळद लागलेली होती. धाकट्या गोट्याचा खळगा त्याला लगेच ओळखू आला.

मागून सोमारी आली.

"कोणं नेलं?" त्यानं विचारलं.

"लच्छूकाकानं. मी बी होती. सारं गाव होतं."

"काऊन?"

"तुमी साहेबाले सांगतलं ना, तिथी काई नाई म्हणून. काका म्हणे, आपल्या माणसानं सरकारले शब्द देल्ला, तो खोटा नाई पडला पायजे. कोंबडा कापला, पेनाले विचारलं आन् उचललं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. लालसूला तो शोधूनही सापडेना.

"कुठी ठेवलं?"

"जंगलात. काकाले मालूम. तुमाले सांगू नोको म्हणे, पुन्हा कोणी विचारलं तं तुमाले तरास होईल."

लालसू डोण्याकडे बघत राहिला. "आन् बाबा?"

"बाबाले एकटं कसं ठेवाचं इथी? बाबा बी गेले."

कुठल्या खळग्यात ओतावं हे त्याला कळेना. कशातच ओतता येत नव्हतं, आणि तिथं ओतल्याशिवाय घोट घेणंही त्याच्या जन्मात कधी झालं नव्हतं. बापाला आपणच घालवलं, आणि तेही कोणी जबरदस्ती केली नसताना. आता नवा मोह आला की तो कुठे ठेवायचा, हे विचारायलासुद्धा आपल्याला तोंड नाही. हुंदका आला तो त्यानं दाबला, कारण अंगणातल्या टेबलावरून एक गिऱ्हाईक हाका मारत होतं.

"ओ शेठ, तिथी का करून राह्यले? का हाये त्या झाडाखाली?"

"काई नाई," लालसू म्हणाला. आता ते खरं होतं.

तो परत आला तेव्हा डोणा अजून त्याच्या हातातच होता. सोमारीनं तो काढून घेतला आणि चुलीमागच्या फळीवर ठेवला. घरातलं कोणी जेवायला उशिरा येणार असलं की ताट झाकून ठेवतात, तसं तिनं त्याच्यावर दुसरं पान झाकलं, आणि ती कांदे चिरायला बसली.