पाचवी गाडी

टायरच्या खाचेची खोली पाच पूर्णांक दोन मिलिमीटर भरली. छायाने व्हर्निअर पदराने पुसला आणि चारही टायर तीन-तीन ठिकाणी मोजले. दोन दशांशापेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता. झीज सगळीकडे सारखी, म्हणजे चाकं सरळ धावत होती. निदान टायर तरी गाडीविरुद्ध काही सांगत नव्हते.

नारायणराव तिच्या खांद्यावरून मोबाइलचा उजेड धरून वाकले होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिच्या दुसऱ्या कुठल्या कामात त्यांनी एवढं लक्ष घातल्याचं तिला आठवत नव्हतं.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"अजून बघतेय."

जुन्या गाड्यांचा धंदा करणारा कडूबा चहाचा कप घेऊन पत्र्याच्या शेडखाली उभा होता. मेहकरात त्याच्याकडे ते पाचव्यांदा आले होते. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही गाडी घेऊन राह्यल्या का गाडीची दहावीची परीक्षा?" छाया हसली. सुलतानपूरच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि व्हर्निअर शाळेच्याच प्रयोगशाळेतला होता.

त्यांची मुलगी काजल गाडीत बसली होती. सीट तिने आपल्या उंचीप्रमाणे पुढे ओढून घेतली होती. हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या कुंपणावर. तेवीस वर्षांची काजल देऊळगाव राजाच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागून सात महिने झाले होते. सुलतानपूरहून दोन एसट्या बदलून ती साडेदहाला पोचायची, आणि रक्ताचे नमुने आठलाच येऊन पडलेले असायचे. लॅबच्या डॉक्टरांनी आधी सांभाळून घेतलं, मग ते बोलले, आणि आता त्यांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. आठला येणं जमत नसेल तर ते दुसरी मुलगी बघणार होते.

नोकरी लागताच तिने मागितलं ते फार नव्हतं. एक जुनी लहान गाडी, ॲव्हरेज चांगलं, ट्रकमागे रखडावं लागणार नाही इतका पिकअप. हप्ता ती पगारातून भरणार होती. नारायणराव एका शब्दात हो म्हणाले होते. तुझ्या आईने तपासून दिली पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. छायाला तेव्हा त्या अटीचा अभिमान वाटला होता.

पहिल्या गाडीचा मीटर बत्तीस हजार दाखवत होता, पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालेलं होतं. मीटर मागे फिरवलेला आहे, हे तिने दाखवून दिलं. दुसरीच्या सीटखाली बारीक गाळ सापडला, ती पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती. तिसरीच्या दारावर चुंबक धरेना, अपघाताचे पोचे बुजवायला आत लांबी, म्हणजे पुटी, भरलेली होती. चौथीत काही नव्हतं. फक्त वायपरचं रबर फाटलंय, एवढं ती म्हणाली, आणि ते शंभर-दोनशे रुपयांत बदलून मिळतं हे वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. नारायणराव सरळ झाले, हात झटकले आणि कडूबाला म्हणाले की मॅडमचंच मन नाही, तर राहू द्या.

त्यांच्या कृषी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगायचे. काय करावं, छायाला एकही गाडी पसंत पडत नाही. काजलने आईशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. आज घराला कुलूप लावताना ती एवढंच म्हणाली होती, "आई, आज काही काढू नको."

छायाने बॉनेट उघडलं. ऑइलची कांडी काढून पुसली, पुन्हा बुडवली. पातळी बरोबर, रंग ठीक. दारांना चुंबक पक्कं बसलं. पायपट्टीची झीज मीटरला जुळत होती. लिहायला तिने वही आणली होती, तिचं पान कोरंच राहिलं.

कडूबाने कप खाली ठेवला. दुपारी जालन्याचं गिऱ्हाईक येणार होतं. गाडी पक्की करायची तर इसार आत्ताच द्या, पाचशे असले तरी चालतील, असं तो म्हणाला. नारायणरावांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मोबाइलवरून पाठवा, कडूबाने सुचवलं. बॅटरी संपलीय, ते म्हणाले. त्यांच्या हातातला मोबाइल अजून उजेड देत होता.

इसाराचे पैसे खिशात न घेता हा माणूस कधी शेळीसुद्धा बघायला गेला नव्हता. इथे तो पाच वेळा आला आणि पाचही वेळा रिकामा आला. छायाने ही दोन निरीक्षणं शेजारी ठेवली. सात महिने ती गाड्या मोजत होती. आपल्या हातातल्या व्हर्निअरसारखीच आपणही कुणाच्या तरी हातात होतो, हे तिला आत्ता दिसलं.

"मग?" नारायणराव म्हणाले. आवाजात घाई होती. "सांग ना, काय निघालं?"

तिने व्हर्निअर मिटून डबीत ठेवला. डबीचं झाकण लागल्याचा आवाज झाला.

"काहीच निघालं नाही. गाडी चांगली आहे. आता काय ते तुम्ही सांगा."

नारायणराव स्वतः खाली बसले. टायरवरून हात फिरवला, हवेची झडप दाबून पाहिली. काजलने काच खाली केली. मग कुणाकडेही न बघता, मातीकडे तोंड करून नारायणराव म्हणाले,

"काजल नोकरीले जाणार नाही. माह्यं पहिल्या दिवशीच ठरलं होतं."